साठ स्विचचे कॉन्फिगरेशन हाताने किती दिवस सांभाळायचे?

प्रश्न : आमच्या डेटा सेंटरमध्ये ६० स्विच (नेटवर्कमधील यंत्रे एकमेकांना जोडणारी उपकरणे) आहेत आणि प्रत्येकावर एसएसएचने (दूरवरून सुरक्षितपणे जोडले जाण्याच्या पद्धतीने) लॉगिन करून कमांड टाइप करण्याची पद्धत अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या पोर्टवर) नवा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा आभासी भाग, जोडताना कमांडमधला ‘अ‍ॅड’ हा शब्द राहून गेला आणि आधीचे सगळे व्हीलॅन एका फटक्यात उडाले. हे टाळण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ : त्या ‘अ‍ॅड’ने बहुतेकांना एकदा तरी रडवले आहे. आधी सर्व उपकरणांचे चालू कॉन्फिगरेशन रोज रात्री गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत साठवा. काय आणि कधी बदलले हे दिसू लागले की अर्धी भीती जाते. मग अ‍ॅन्सिबल या अनेक उपकरणांवर आपोआप बदल करणाऱ्या साधनाकडे वळा, कारण त्यासाठी स्विचवर वेगळा एजंट (मदतनीस प्रोग्रॅम) बसवावा लागत नाही.

उत्तर २ : सहमत, परंतु उपकरणांना नेटकॉन्फ (कॉन्फिगरेशन बदलण्याचा प्रमाणित प्रोटोकॉल) येत असेल, तर तोच मार्ग धरावा असे माझे मत आहे. २०११ च्या आरएफसी ६२४१ या नेटकॉन्फच्या मानक दस्तऐवजामध्ये ‘कन्फर्म्ड कमिट’ची सोय आहे : बदल लागू केल्यावर ठरावीक मुदतीत, जी वेगळी न सांगितल्यास ६०० सेकंदांची असते, पुष्टी मिळाली नाही तर उपकरण आपणहून पूर्वस्थितीत परतते. ही सोय ऐच्छिक असल्यामुळे सत्राच्या आरंभी येणाऱ्या ‘हॅलो’ संदेशात तिचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

प्रश्नकर्ता : पाहिले. निम्म्याच स्विचमध्ये आहे.

उत्तर १ : उरलेले सिस्कोच्या आयओएस या प्रणालीवर चालत असतील, तर बदलापूर्वी ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होऊन जतन केलेले कॉन्फिगरेशन घेईल) द्या आणि सर्व सुरळीत दिसल्यावरच ‘रीलोड कॅन्सल’ करून कॉन्फिगरेशन जतन करा. आधीच जतन केलेत, तर रीलोडनंतर तीच चूक पुन्हा समोर येईल.