ट्रान्सलेट() चालेल, पण 'की'मध्ये जपून

एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) कॅपिटल-स्मॉलचा फरक न धरता दोन मजकूर कसे ताडायचे, असा प्रश्न आहे. ट्रान्सलेट() (एकेक अक्षर बदलून देणारं फंक्शन) वापरून दोन्ही बाजू स्मॉल अक्षरांत आणायच्या आणि मग तुलना करायची, हा सुचवलेला उपाय बरोबरच आहे. एक्सएसएलटी १.० ही १९९९ची आवृत्ती, तिच्यात सगळं स्मॉल करून देणारं लोअर-केस() नाहीच.

फक्त ट्रान्सलेट()च्या दुसऱ्या (बदलायची अक्षरं) आणि तिसऱ्या (त्यांच्या जागी यायची) आर्ग्युमेंटमधली अक्षरं मोजून सारखी ठेवा. तिसऱ्यात शेवटचं 'झेड' लिहायचं राहिलं तर एरर वगैरे काही येत नाही, मजकुरातले कॅपिटल 'झेड' गुपचूप गळतात. माझा अर्धा दिवस यात गेलाय.

ही २६-२६ अक्षरं व्हेरिएबलमध्ये ठेवलीत तर टेम्प्लेट सुटसुटीत होतं. पण एक्सएसएल:की (नोड पटकन शोधायची सूची) वापरणार असाल तर घोळ आहे: १.० मध्ये त्याच्या 'यूज' अ‍ॅट्रिब्यूटमध्ये व्हेरिएबल चालत नाही. तिथे अक्षरं पुन्हा लिहा किंवा डीटीडीत (फाइलच्या सुरुवातीच्या व्याख्यांत) एंटिटी, म्हणजे त्या अक्षरांना एक छोटं नाव, करून ठेवा. दिसतं ओंगळ, पण चालतं.

मॅचेस()ला (मजकूर पॅटर्नशी जुळतो का ते पाहणारं फंक्शन) कॅपिटल-स्मॉलचा फरक न धरणारा 'आय' फ्लॅग द्या असंही कुणी म्हटलंय. ते २.० चं फंक्शन. स्टाइलशीटवर व्हर्जन २.० लिहिलं म्हणून प्रोसेसर बदलत नाही, लिबएक्सएसएलटी हा प्रोसेसर १.० वरच राहतो. २.० चालवणारा सॅक्सन प्रोसेसर असेल तर खुशाल वापरा. मात्र मॅचेस() मजकुराच्या मधला नुसता तुकडाही जुळवतं, 'कॅट' शोधलंत तर 'कॅटलॉग'ही हजर! पॅटर्नच्या आधी कॅरेट (^), शेवटी डॉलर ($) लावा. पॅटर्नमधला टिंबही कुठल्याही अक्षराला जुळतो, म्हणून फाइलची नावं तपासताना मी सरळ लोअर-केस() आणि बरोबरचं चिन्हच (=) वापरतो.