टेस्टोस्टेरॉन २४० आले, लगेच इंजेक्शन सुरू करायचे का?

प्रश्न: वय ३४, संध्याकाळी एकदाच काढलेल्या रक्तात टोटल टेस्टोस्टेरॉन २४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. थकवा, कामेच्छा कमी. वर्षभरात मूल हवे आहे. पुढे काय?

उत्तर १: एका रिपोर्टवर सुई टोचून घेऊ नका. सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासा. ताप किंवा आजारपणात नको, पातळी तात्पुरती घसरते. दुसऱ्यांदाही कमी आली तर एलएच, एफएसएच (वृषणांना चालना देणारी, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स) आणि प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीचे आणखी एक हार्मोन) तपासा. एलएच वाढलेले असेल तर दोष वृषणात. कमी किंवा नॉर्मल असेल तर पिट्युटरीकडे बघायचे. वजन जास्त असेल तर एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारे प्रथिन) हवेच, नाहीतर टोटलचा आकडा फसवतो.

उत्तर २: मूल हवे असेल तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन नकोच! एलएच-एफएसएच दबतात, वृषणातले टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणू शून्यावरही जातात. बंद केल्यावर परत यायला कित्येक महिने लागतात. आधी वीर्यतपासणी करा. दोष पिट्युटरीचा असेल तर एचसीजीसारखे (एलएचसारखे काम करणारे हार्मोन) पर्याय आहेत, एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनतज्ज्ञाला) विचारा.

उत्तर ३: पुढे कधी टेस्टोस्टेरॉन सुरू केलेच तर हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) तपासा: आधी, ३ ते ६ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. ५४ टक्क्यांवर गेले की डोस थांबवतात, रक्त घट्ट होते. एनान्थेटचा (टेस्टोस्टेरॉनचे एक इंजेक्शन) मोठा डोस दोन-तीन आठवड्यांनी घेतला की सुरुवातीला पातळी उसळते, शेवटी कोसळते; त्याच हिशेबाने दर आठवड्याला थोडा थोडा घेतलेला बरा. इंजेक्शनऐवजी टेस्टोस्टेरॉनचे जेल वापरत असाल तर लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा झाकून ठेवा. लहान मुलांच्या अंगाला ते अजिबात लागू देऊ नका.