दुसरीच्या मुलांना संगणकीय विचार कसा द्यावा? माटोळीचा प्रकल्प चालेल का?

डिचोलीची बाई:
नमस्कार. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी पहिली-दुसरी एकत्र घेते. गोवा सरकारच्या केअर्स या शालेय योजनेतून कोडिंग-रोबोटिक्स आलं ते वरच्या वर्गांना, सहावीपासून. पण प्रशिक्षणात आम्हालाही सांगितलं की संगणकीय विचाराची, म्हणजे प्रश्न पायऱ्या-पायऱ्यांनी, नियम बांधून सोडवण्याची, ओळख लहानपणीच करून द्या. वर्गात संगणक नाही, आणि असता तरी सहा वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर बसवावंसं मला वाटत नाही.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीला, काय काय बांधतात आणि ते कुठून येतं, हे मुलांनीच शोधावं असं मनात आहे. पण वस्तू गोळा केल्या, चित्रं चिकटवली, तक्ता भिंतीला लावला, एवढ्यावरच ते संपेल अशी भीती वाटते. यात संगणकीय विचार नेमका कुठे येतो? कोणी केलंय का?

कुळागरवाली, फोंडा:
ताई, जरूर करा. आमच्या वर्गाने केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरी आजीला काय विचारायचं ते मुलांनाच ठरवू द्या. आमच्या पहिलीच्या मुलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या: रानातलं असेल तर डोंगर, कुळागरातलं, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतलं, असेल तर माड, विकत आणलं असेल तर पिशवी. सगळ्यांच्या खुणा एका कागदावर मांडल्या तेव्हा नारळ-सुपारीपुढे माडच माड आणि कवंडळ या रानफळापुढे पिशव्या. लगेच एकाने विचारलं, "बाजारातल्या बाईने ते कुठून आणलं?" खरं संशोधन तिथून सुरू झालं.

सुट्टीनंतर माटोळी उतरवल्यावर मुलांनी वस्तू वर्गात आणल्या. तोरिंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), आंबाडे, चिबूड, सुपारी. फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न लिहायचे आणि त्यावरून दुसऱ्या गटाने वस्तू ओळखायची, असं ठरलं. पहिलाच प्रश्न आला, "मोठं आहे का?" एका गटाला तोरिंग मोठं, दुसऱ्याला ते चिबडापुढे लहान. वाद पेटला. मी मध्ये पडले नाही. मग "मुठीत मावतं का?" पण मूठ कोणाची? शेवटी एका मुलीने हातातली बांगडी काढली: यातून पार जातं का? आंबाडा गेला, सुपारी गेली, तोरिंग अडकलं. आता कोणीही तपासलं तरी उत्तर तेच.

तुम्ही विचारता ती गोष्ट माझ्या मते इथेच आहे. सांगणारा जवळ नसतानाही दुसऱ्याला तंतोतंत पाळता येईल असा नियम बांधायचा, आणि तो फसला तर नेमका कुठे फसला ते शोधून तेवढाच बदलायचा. जेनेट विंग यांच्या २००६ च्या लेखामुळे ही कल्पना सगळीकडे पोचली. त्यांनीही त्यात म्हटलंय की हा माणसांचा विचार आहे, यंत्रांचा नव्हे.

एक मात्र सांभाळा. माटोळीची सगळी रानफळं खायची नसतात. कवंडळ तर मुलांच्या तोंडात जाता कामा नये. हाताळून झाल्यावर हात धुवायला लावा.

बार्देशचे सर:
बाई, बांगडीची कल्पना फार आवडली. माझ्या वर्गात बरीच ख्रिस्ती मुलं आहेत, त्यांच्या घरी माटोळी नसते. म्हणून मी भाताचं नवं कणीस घेतो. चर्चमध्ये कणसांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, त्याला आशीर्वाद मिळतो, हिंदू घरांत चवथीच्या दिवसांत 'नवें', म्हणजे नव्या कणसाची पूजा, होतं. कणीस कोण कापतं, कोण आणतं, कुठे ठेवतात, हे प्रत्येक मूल घरी विचारून चित्रांच्या पट्ट्यांवर काढतं आणि पट्ट्या क्रमाने लावतं. मग दोन घरांचे क्रम शेजारी ठेवायचे. कुठल्या पायऱ्या सारख्या, कुठली एकाच घरात? पुढची पायरी आधी लावली तर चालेल का? यावर दुसरीची मुलं कितीतरी वेळ बोलतात, आणि एकमेकांच्या घरातलं जाणून घेतात ते वेगळंच.

डिचोलीची बाई:
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या वर्गातही दोन्हीकडची मुलं आहेत, तेव्हा सुट्टीआधी कणीस आणि सुट्टीनंतर माटोळी असं घेते. पालक विचारतील, यात संगणक कुठे? त्यांना काय दाखवू?

कुळागरवाली, फोंडा:
खोडलेले तक्ते टाकू नका. "मोठं आहे का?" खोडून "मुठीत मावतं का?", तेही खोडून बांगडी, असे सगळे क्रमाने भिंतीला लावा. आणि पालकसभेत एक फळ एखाद्या आईच्या हातात देऊन मुलांचा तक्ता तिलाच वापरू द्या. मुलांनी तेवढा वेळ गप्प बसायचं.