मदत हवी आहे: सर्पदंशाबद्दल गावात बोलायला मुलांना कसं तयार करू?

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते. एनएसएस शिबिरात आमची मुलं रायगडमधल्या एका वाडीवर सर्पदंशावर बोलणार आहेत. अभ्यास पक्का आहे, पण सरावात प्रत्येकाची सुरुवात कुळ, प्रजाती आणि विषातल्या प्रथिनांपासून. लोकांना जे हवं ते शेवटी घाईत उरकतं: आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात-पाय हलवू नका, सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) मिळेल असा दवाखाना गाठा.

मण्यारीचंच घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही बहुधा नसते. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना साप चावल्याची शंकाही येत नाही. एवढं सांगितलं तरी माणूस कान देऊन ऐकेल. मुलं मात्र चेतापेशीची आकृती काढतात. (आकृती सुरेख असते, वाद नाही.)

सरावाला श्रोते कुठून आणता? वर्गमित्रांना सगळं आधीच ठाऊक असतं. मी कँटीनमधल्या मावशींना विचारायचं म्हणतेय.

आणि खरी अडचण ही: ‘आमचा भगत विष उतरवतो’ असं कुणी म्हणालं तर? साप बिनविषारी असतो, किंवा विषारी असूनही कधी विष टोचतच नाही, म्हणून माणूस वाचतो. हे भगताचा अपमान न करता विशीतल्या पोराने कसं सांगावं? वाड्यांवर काम केलेल्यांनी जरूर लिहा. पॉवरपॉइंट सुचवू नका, तिथे विजेचा भरवसा नाही.