‘२००१: अ स्पेस ओडिसी’: थोर की कंटाळवाणा?

प्रश्न: स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९६८ सालचा हा चित्रपट मी तीनदा पाहायला घेतला आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर सोडला. सुरुवातीची जवळपास २५ मिनिटे पडद्यावर कोणी एक शब्दही बोलत नाही. ज्यांना तो मनापासून आवडतो, त्यांना त्यात नेमके काय दिसते?

पहिला प्रतिसाद: ते मौनच त्याचे बळ आहे. वानरमानवाने विजयाच्या भरात भिरकावलेले हाड हवेत गरगरते आणि पुढच्याच क्षणी त्या जागी अवकाशयान तरंगताना दिसते. लाखो वर्षे एका कटमध्ये ओलांडणारा आणि हत्यार व यंत्र यांचे नाते न बोलता सांगणारा असा दुसरा क्षण मला तरी ठाऊक नाही. मात्र तो मोबाइलवर पाहिला असेल, तर पाहिला असे मी मानणार नाही.

दुसरा प्रतिसाद: एका कटसाठी अडीच तास का खर्चावेत? पहिल्या खेळांनंतर खुद्द कुब्रिक यांनीच सुमारे १९ मिनिटे कापली होती, म्हणजे लांबण त्यांनाही जाणवली असावी. हाल हा यानावरचा बोलणारा संगणक बंद केला जात असताना गाऊ लागतो आणि त्याचा आवाज हळूहळू जड होत जातो, तो प्रसंग मात्र मलाही हेलावतो. माणसांपेक्षा यंत्रच जिवंत वाटावे, हे जरा विचित्रच.

पहिला प्रतिसादक: अहो, ते मुद्दाम केले आहे! अंतराळवीर इतके कोरडे बोलतात, म्हणूनच मला बंद करू नका ही हालची विनवणी बोचते.

प्रश्नकर्ता: त्या प्रसंगापर्यंत मी कधी पोहोचलोच नाही. चौथ्यांदा पाहीन, पण मोठ्या पडद्यावर.