वेस्ट कोस्ट ट्रेल, ७५ किमी: पाच दिवसांत होईल का?

पायपीट:
नमस्कार मंडळी. जूनच्या मध्यावर कॅनडात व्हँकुव्हर आयलंडचा वेस्ट कोस्ट ट्रेल करायचा विचार आहे. मी, नवरा आणि भाचा. चालायची सवय तिघांनाही आहे. हिमालयातलं पिन पार्वती झालंय, आणि पाठीवर तंबू-शिधा घेऊन सह्याद्रीतल्या लांबलांब घाटवाटा दर हिवाळ्यात होतातच.

नकाशावर बघितलं तर एकूण ७५ किमी, समुद्रकाठची वाट, चढ नावालाच. म्हणून असा बेत केलाय (दक्षिणेकडून, गॉर्डन रिव्हरहून सुरुवात):
दिवस १: कँपर बे, १३ किमी
दिवस २: क्रिब्स क्रीक, २० किमी
दिवस ३: त्सुसियाट धबधबा, १७ किमी
दिवस ४: मिशिगन क्रीक, १३ किमी
दिवस ५: पचीना बे, १२ किमी

भाचा म्हणतो चार दिवसही पुरतील. मग जिथे वाचते तिथे लोक सहा ते आठ दिवस का सांगतात? हौशी लोकांचा हिशोब आहे की खरंच काही कारण आहे? ज्यांनी केलाय त्यांनीच सांगा. व्हिडिओ पाहून झालेत.

मीठपाणी:
ताई, तुमचे शेवटचे तीन दिवस बरोबर आहेत. पहिले दोन फाडून टाका.

मी व्हिक्टोरियात राहतो आणि हा ट्रेल दोन्ही टोकांकडून चाललोय, म्हणून जरा ठासून लिहितो. इथले किलोमीटर उत्तरेकडून मोजतात: पचीना बे ०, गॉर्डन रिव्हर ७५. यातला ७५ ते ५३ हा दक्षिणेचा तुकडा म्हणजे वेगळाच ट्रेल आहे. तिथे तासाला एक किलोमीटर पडला तरी आपण बरे चाललो म्हणायचं. पिन पार्वती केलेल्या माणसाचा दम तिथे संपत नाही. संपतो तो वेग, कारण पाऊल टाकायला जागाच शोधावी लागते. मुळं, चिखल, आडवे पडलेले सीडरचे बुंधे, आणि त्या बुंध्यावर कोरलेल्या खाचा हीच वाट.

पहिल्या दिवशी फक्त थ्रॅशर कोव्ह गाठा. पाचच किमी आहेत, पण अख्ख्या ट्रेलचा सगळ्यात उंच भाग त्यातच येतो आणि शेवटी समुद्रापर्यंत शिड्यांनी उतरायचं. वाटेत लाकूडतोडीच्या काळातलं एक गंजकं वाफेचं इंजिन झाडीत पडलेलं दिसेल, तिथे बसून घ्या.

आता मुख्य गोष्ट. या ट्रेलचा बेत किलोमीटरवर नाही, ओहोटीवर करायचा. थ्रॅशरहून कँपरला जायला दोन वाटा: एक जंगलातून, एक किनाऱ्याने ओवेन पॉइंटला वळसा घालून. ओवेन पॉइंट पाणी १.८ मीटरच्या खाली असतानाच पार होतो. तिथवर पोचायला तीन किमी मोठाल्या, शेवाळलेल्या धोंड्यांवरून उड्या मारत जायचं असतं आणि त्यात दोन तास सहज जातात. म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी ७ ला असेल तर ५ ला पाठीवर सॅक हवी. जूनमध्ये तोवर उजाडलेलं असतं, काळजी नाही.

याच किनाऱ्यावरच्या टोफिनो गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता वापरायचा. त्यावर कुठली वेळ छापली आहे ते नीट बघा. प्रमाणवेळ असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवावा लागतो. तो एक तास विसरून ओवेन पॉइंटला अडकलेली माणसं दर हंगामात भेटतात.

आपल्याकडच्या लोकांना एक फायदा आहे, तो घ्या. परमिटची तारीख पंचांग उघडून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओहोटीही खोल. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही, मग ओवेन पॉइंटला फार थोडा वेळ मिळतो किंवा तो भलत्या वेळी मिळतो. या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक खोल, एक उथळ. उन्हाळ्यात खोल ओहोटी बहुधा सकाळची असते, हे आपलं नशीब. पण उधाणाला रात्रीची भरतीही मोठी, पाण्यातला फरक जवळजवळ ४ मीटरपर्यंत जातो. तंबू समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यांच्या रांगेच्या वर लावा. सपाट, मऊ, सुंदर वाळू दिसली की समजा रात्री तिथे पाणी येतं.

रानभूल:
मीठपाणी यांच्याशी बाकी सगळं सहमत, एक सोडून. सुरुवात उत्तरेकडून करा, पचीना बेहून.

पहिल्या दिवशी सॅक सगळ्यात जड असते, आणि तुम्ही ती घेऊन सगळ्यात वाईट तुकड्यात शिरणार? उत्तरेकडे वाट रुंद आहे, पहिले १२ किमी सरळ चालत सुटायचं. दक्षिणेच्या शिड्या येईपर्यंत शिधा निम्म्याहून कमी झालेला असतो आणि पायांना ओल्या लाकडाची सवय झालेली असते. माझे गुडघे पन्नाशीतले आहेत, मला हा फरक चांगलाच जाणवला.

शिड्यांबद्दल कोणी नीट लिहीत नाही म्हणून लिहिते. सत्तरहून जास्त आहेत, आणि लोगन, कलाइट, कँपर या ओढ्यांच्या घळीत एकाखाली एक अशा लागतात. एक संपली की पायापुरता लाकडी कट्टा, तिथून दुसरी. त्या जवळजवळ उभ्या असतात. पायऱ्यांवर आधीच्या माणसाच्या बुटाचा चिखल असतो, म्हणून हात पायरीवर नाही, दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्यांवर. सॅकच्या वर किंवा बाजूला काहीही लोंबकळू देऊ नका. चटई आडवी बांधली असेल तर ती नेमकी शिडीत अडकते आणि सॅक तुम्हाला मागे ओढते. काठ्या आधी मिटून ठेवायच्या, मनगटात लटकवून उतरायचं नाही. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. बोटं पकडतील असे, तळव्याला रबर असलेले साधे बागकामाचे हातमोजे न्या, महागडे नकोत.

ओढे ओलांडायची केबल कार मात्र मजेची आहे. दोन माणसं आणि दोन सॅक, समोरासमोर बसायचं. मध्यापर्यंत ती आपसूक घरंगळत जाते. नंतरचा चढ दोर ओढून काढायचा. भाच्याला दोर द्या, चार दिवसांचा उत्साह तिथेच मोजता येईल.

टाच_वर:
एवढं घाबरवताय कशाला लोकांना? धावणारे हा ट्रेल एका दिवसात करतात. चांगली तब्येत, हलकी सॅक असेल तर चार दिवस भरपूर झाले.

मीठपाणी:
करतात, खरं आहे. त्यांच्या पाठीवर तंबू नसतो, आठवड्याचा शिधा नसतो, आणि हवा व पाणी दोन्ही जुळून येईपर्यंत ते थांबतात. ताईंनी परमिटची तारीख महिनोन्‌महिने आधी घ्यायची आहे, त्या तारखेला पाऊस असला तरी निघायचंय. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, रोजच्या जागा मोजक्या. हा मुळात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारा किनारा आहे. त्यातला बहुतेक हिवाळ्यात पडतो, पण जूनमध्ये दोन दिवस सलग लागला तर आश्चर्य मानू नका. ओढे फुगले की थांबायचं असतं, आणि थांबायला हातात दिवस लागतो.

रानभूल, दिशेचा वाद आपला मिटायचा नाही. मला जड सॅक चालते पण ताजे पाय हवेत. पाय घसरून घोटा मुरगळणारे मला बहुतेक शेवटच्या दोन दिवसांत दिसले, उत्तरेकडून येणारे. ताईंनी ओहोटी बघून ठरवावं: ज्या दिशेने निघाल्यावर ओवेन पॉइंटचा दिवस उधाणात पडतो ती दिशा.

आणखी एक, किनाऱ्याच्या वाटेबद्दल. कातळाच्या लाद्यांवरून चालणं जंगलापेक्षा वेगवान असतं, मोह होतो. पण त्या कातळाला समुद्राने आत कापत आणलेल्या अरुंद चिरा आहेत, सर्ज चॅनल म्हणतात. वरून बघितलं तर उडी मारण्याजोगी रुंदी वाटते. दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. खाली पाणी शांत, हिरवं, गुडघाभर दिसतं. मग बाहेर एक लाट येते, ती चिरेत शिरल्यावर पसरायला जागा नाही म्हणून वर चढते, आणि तेच पाणी पुरुषभर उंचीने कडेवर आपटून माघारी ओढतं. पलीकडची कड नेहमी ओली, शेवाळलेली आणि थोडी उतरती. ॲड्रेनालिन क्रीकची चीर तर जिवावरची आहे, वॉल्ब्रन ते लोगन सरळ जंगलातून जा. तक्ता फक्त पाण्याची पातळी सांगतो, लाटा किती मोठ्या आहेत ते सांगत नाही. खाली चिरेत कोणी पडलं तर बाहेर काढायला तिथे कोणी नसतं. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. जखमी माणसाला बोटीने नेतात आणि समुद्र खवळलेला असला तर एक दिवस सहज वाट बघावी लागते. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र तिघांत एक तरी हवंच.

मुळात ही वाट हौसेसाठी बांधलेलीच नाही. जानेवारी १९०६ मध्ये व्हॅलेन्सिया नावाचं वाफेवर चालणारं जहाज याच कड्यांखाली फुटलं आणि शंभरावर माणसं गेली. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनाही वर चढायला आणि मदतीपर्यंत पोचायला धड रस्ता नव्हता. त्यानंतर सरकारने जुन्या तारायंत्राच्या लाइनीच्या आधाराने ही जीवरक्षक वाट काढली, पचीनाचा दीपस्तंभही त्याच सुमाराचा. म्हणून ती सोयीच्या ठिकाणाहून जातच नाही. जिथे जहाजं फुटत तिथून जाते.

पायपीट:
बाप रे. पण धन्यवाद, हेच हवं होतं. पंचांगाची युक्ती नवऱ्याला फार आवडली, तो मूळचा गुहागरचा, उधाण-भांग त्याला समजवावं लागत नाही.

आता सात दिवस धरतेय: थ्रॅशर, कँपर, वॉल्ब्रन, क्रिब्स, त्सुसियाट, मिशिगन, पचीना. बरोबर? आणि दोन प्रश्न. निटिनॅटला बोट आहे म्हणतात ती सतत चालू असते का? आणि अस्वलांचं काय करायचं?

रानभूल:
बेत आता छान आहे. रोजचे किमी ५, ८, ९, ११, १७, १३, १२. आकडे बघून भाचा हसेल, हसू दे.

निटिनॅट नॅरोजची बोट दिवसाच ठरावीक वेळेत असते, उशिरा पोचलात तर त्या दिवशी पलीकडे जाणं नाही. पोहून जायचा विचारही नको, सगळ्या निटिनॅट सरोवराचं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून आत-बाहेर धावतं. म्हणून क्रिब्सहून त्सुसियाटच्या दिवशी लवकर निघा. हा डिटिडाट या मूळनिवासी लोकांचा प्रदेश आहे, बोटही तेच चालवतात, आणि धक्क्यावर ताजा खेकडा नाहीतर सामन मासा शिजवून देतात. रोख पैसे ठेवा. पाच दिवस सुका शिधा खाल्ल्यावर तुम्ही किंमत विचारणार नाही.

डिटिडाट, उत्तरेला हू-आय-आट आणि दक्षिणेला पचीडाट, या तिन्ही समाजांची गावठाणं, पवित्र जागा वाटेवर आहेत. पाटी सांगेल तिथे वाट सोडून किनाऱ्यावर उतरायचं नाही.

अस्वलं काळी, लाजरी. लांडगे आणि प्यूमाही आहेत. मुख्य मुक्कामांवर लोखंडी पेट्या आहेत, खाणं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वासाचं सगळं त्यात. पेटी भरलेली असेल किंवा पेटीच नसेल तेव्हासाठी १५ मीटर दोरी न्या. शिंपले गोळा करून खाऊ नका, त्यातलं विष शिजवून जात नाही. पाणी ओढ्याचं, किनाऱ्यापासून थोडं वर जाऊन भरायचं आणि गाळून किंवा उकळून.

मीठपाणी:
शेकोटी भरतीरेषेच्या खाली, फक्त वाहून आलेल्या लाकडाची.

एक राहिलं. सुरुवातीला सगळ्यांना माहिती-सत्राला बसावं लागतं. त्यात त्सुनामीचं सांगतात तेव्हा लोक घड्याळ बघतात. बघू नका. २६ जानेवारी १७०० ला या किनाऱ्यासमोर प्रचंड भूकंप झाला आणि पचीना बेमधलं अख्खं गाव रात्रीत वाहून गेलं. हू-आय-आट लोकांनी ती हकिकत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली. तारीख नक्की झाली ती जपानमधल्या जुन्या नोंदींवरून, कारण लाट तिथवर पोचली होती. तुमचा शेवटचा दिवस तिथेच संपणार आहे. जमीन जोरात हलली तर सॅक, तंबू सगळं सोडून वर. मुक्कामावर पोचलात की आधी वर जायची वाट बघून ठेवा, मग चहा.

पायपीट:
ठरलं. जूनची अमावस्या काढते आणि तिच्या दुसऱ्या दिवशी ओवेन पॉइंट येईल अशी तारीख मागते. गेटर, म्हणजे चिखल बुटात जाऊ नये म्हणून पायाला बांधायची आवरणं, गुडघ्यापर्यंतचे घ्यायचे की घोट्यापुरते चालतील?

रानभूल:
गुडघ्यापर्यंतचे. आणि चिखलाला वळसा घालू नका, मधूनच जा. कडेकडेने गेलं की वाट रुंदावत जाते आणि मुळं उघडी पडतात.

टाच_वर:
भाच्याला माझा नंबर द्या, पुढच्या वर्षी पळत जाऊ. पण तंबू त्याने उचलायचा.