जप्तीची यादी हातात घेतली का?

महापालिकेने हातगाडी एकदा उचलली की मागतील तो दंड भरण्यावाचून गत्यंतर नसते, असे अनेकदा सांगितले जाते; हे मत मला अर्धेच पटते. शुल्क भरावे लागते हे खरे; परंतु पथविक्रेता अधिनियम, 2014 च्या कलम 19 नुसार जप्त केलेल्या मालाची यादी करून, जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला देणे बंधनकारक आहे, आणि मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, तर इतर माल दोन कामकाजी दिवसांत सोडावा लागतो.

रंकाळ्यावर भेळेची गाडी लावणाऱ्या माझ्या चुलतभावाला मिळालेल्या यादीत ‘हातगाडी 1, इतर साहित्य’ एवढेच लिहिले होते. त्या ‘इतर’मध्ये सिलिंडर, शेगडी, तराजू आणि चुरमुऱ्यांची दोन पोती होती. त्याने तिथेच वाद न घालता (कोल्हापुरी माणसाला हे अवघडच) प्रत्येक वस्तू स्वतंत्र लिहून घेतली, मोबाईलवर छायाचित्रे काढली आणि त्याच दुपारी लेखी मागणी अर्ज देऊन आवक क्रमांकाची पोच घेतली. सिलिंडर परत मिळाला तो या कागदामुळेच. तोंडी विनंतीची तारीख पुढे सिद्ध करता येत नाही, म्हणून ज्यांची गाडी जप्त झाली आहे त्यांनी पोच आधी मिळवावी.